आईला आलेला रिसर्चचा फोन: माणसं चांगली, पण कानाचा विचार करा
इथल्याच एका हॉस्पिटलच्या रिसर्च युनिटकडून आईला (वय ७४) फोन आला होता, म्हातारपणी तोल जाऊन पडू नये म्हणून व्यायामाचा अभ्यास चाललाय, ६५ च्या वरची माणसं हवी आहेत म्हणून. आता डिजिटल अरेस्टचं इतकं कानावर येतं की आई अनोळखी नंबर उचलतच नाही, त्यात ट्रूकॉलरवर तो नंबर स्पॅम दाखवत होता. बरं, फोन करायची वेळ दुपारी दोनची! युनिटवाल्यांनो, आधी मराठीत एक मेसेज तरी टाका ना, कोण, कुठून, कशासाठी.

पण बोलणारी मुलगी खरंच छान होती. आधार नाही, बँक नाही, ओटीपी नाही. "काकू घाई नाही, घरी विचारा, हॉस्पिटलच्या मेन नंबरवर फोन करून माझी खात्री करून घ्या" असं स्वतःहून म्हणाली. मध्येच सोडलं तरी चालेल, त्याने तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही, हेही नीट सांगितलं. सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नंबर दिला, मी साइटवर टाकून बघितला तर अभ्यासाची माहिती, एथिक्स कमिटीची मंजुरी, सगळं होतं. औषधांच्या चाचण्या तिथे आधी नोंदवणं तर २००९ पासून सक्तीचंच आहे, तेव्हा कुठल्याही अभ्यासासाठी असा फोन आला की हा नंबर मागून बघा.

खटकलं ते फोनवरचं स्मरणशक्तीचं टेस्टिंग. दहा शब्द वाचून दाखवले आणि परत म्हणायला सांगितले. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, 'पाटी' तिने 'काठी' ऐकलं आणि तेच म्हणाली, म्हणजे मार्क गेला, पण हा दोष कानाचा आहे हो, डोक्याचा नाही! मी सांगितल्यावर त्या मुलीने लगेच समोरासमोर घ्यायचं कबूल केलं, पण ज्यांच्या शेजारी सांगायला कोणी नाही त्यांचं काय? कमी ऐकू येणारे असे फोनवरच गळले तर अभ्यासात सगळे धडधाकटच उरणार, आणि पडण्याचा धोका तर यांनाच जास्त. पहिलाच प्रश्न "माझा आवाज नीट येतोय का" हा हवा.

५ पैकी ४ देईन. आईने हो म्हटलंय, रिक्षाचे पैसे ते देतात. व्यायामाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे का ते मात्र निघण्याआधी विचारून घ्या.