दोन पोर्टची यूएसबी-सी अ‍ॅक्सेसरी: मध्ये कंट्रोलर बसवावा की फोनलाच चार्जरशी बोलू द्यावं?

माइक, डॅक (डिजिटल आवाजाचं हेडफोनसाठी रूपांतर करणारी चिप), सेन्सर, काहीही फोनला जोडायचं आणि त्याच वेळी फोन चार्जही होत राहायला हवा. मागणी साधी दिसते, पण यूएसबी-सीचा मूळ नियम तिच्या आड येतो. जोडणी झाली की वीज देणारा होस्ट (डेटाची सूत्रं ज्याच्या हाती तो) ठरतो आणि घेणारा डिव्हाइस (त्याचं ऐकणारा). आपल्याला नेमकं उलटं हवं: फोन होस्टच राहावा, पण वीज त्याने घ्यावी. ‘मी वीज घेणारा’ एवढंच सांगणारे नुसते ५.१ किलोओमचे रेझिस्टर लावून ही फारकत होत नाही, त्यासाठी पीडीची (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे वीज कोणी किती द्यायची हे उपकरणांनी आपसात ठरवण्याची पद्धत) बोलणी लागतात. त्यामुळे रेझिस्टरवाला स्वस्त मार्ग मी विचारातच घेतलेला नाही.

उरतात दोन मार्ग. पहिला म्हणजे दोन्ही पोर्ट सांभाळणारा पीडी कंट्रोलर. तो चार्जरशी एक करार करतो, फोनशी दुसरा. सुरुवातीला फोन वीज देत असतो. चार्जर लागला की कंट्रोलर फोनला पॉवर रोल स्वॅप मागतो आणि विजेची दिशा उलटते, होस्टपण फोनकडेच राहतं. दुसरा मार्ग सीटीव्हीपीडीचा, म्हणजे चार्ज-थ्रू व्हिकॉन पॉवर्ड डिव्हाइस. यात अ‍ॅक्सेसरी आपल्यापुरती वीज फोनच्या व्हिकॉनवरून (केबलमधल्या चिपसारख्या गोष्टींसाठीची वेगळी, छोटी वीजवाट) घेते आणि चार्जर आला की बाजूला होऊन फोनला थेट त्याच्याशी बोलू देते.

कागदावर दुसरा मार्ग फार देखणा आहे, हे आधीच कबूल करतो. मध्ये दुभाष्या नाही, त्यामुळे पीपीएसची (चार्ज होताना व्होल्टेज बारीक पावलांनी बदलण्याची सोय) २० मिलिव्होल्टची बारीक पावलंसुद्धा फोन आणि चार्जर आपसात ठरवतात. आपल्या व्हीबस (मुख्य वीजवाहिनी) आणि ग्राउंडच्या वाटेतला रोध किती, हेही अ‍ॅक्सेसरी ओळख देतानाच फोनला सांगते. आणि चार्जर उपसला तरी तिची स्वतःची वीज जात नाही, कारण ती व्हिकॉनवर चालते.

कंट्रोलरच्या बाजूला खर्च आहे, जागा आहे, पाठीला पाठ लावलेले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आहेत आणि फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) तर आहेच. चार्जरने ९ व्होल्टला ३ अँपिअर देऊ केले, तर स्वतःचा वाटा राखून फोनला त्याहून कमीच सांगावं लागतं. पीपीएस पुढे द्यायचं तर फोनची प्रत्येक विनंती चार्जरपर्यंत पोचवत बसायचं. बरेच जण ते सोडूनच देतात, आणि मग काही फोन चार्ज होतात, पण पूर्ण वेगाने नाही.

इतकं असूनही माझा कल कंट्रोलरकडे गेला, तो एकाच वैतागापायी.

सीटीव्हीपीडीचा सगळा डोलारा फोनवर उभा आहे. फोनने व्हिकॉन द्यायला हवा, सीसीच्या रेषेवर (यूएसबी-सीमध्ये उपकरणं जिथे आपसात बोलतात ती तार) ‘तू कोण’ असं विचारायला हवं आणि मिळालेलं उत्तर समजून पुढची पावलं टाकायला हवीत. माझ्या टेबलावरच्या फोनांत हे सगळं नीट करणारे थोडेच निघाले. बाकीच्यांत काय व्हायचं? काहीच नाही! आवाज येतोय, माइक चालतोय, चार्जर लावलाय आणि बॅटरीचं चिन्ह ढिम्म. ना सूचना, ना त्रुटी. सीसीच्या रेषेवर अ‍ॅनालायझर लावला तरी दिसायला काही नाही, कारण फोनने प्रश्नच विचारलेला नसतो आणि न विचारलेल्या प्रश्नाला अ‍ॅक्सेसरी उत्तर देऊ शकत नाही. वापरणारा म्हणणार, ‘तुमचं चार्जिंग बिघडलंय’, आणि तो चुकीचा नाही.

कंट्रोलरच्या मार्गातही फोन आडमुठेपणा करतात. पण तिथे नकार निदान ऐकू येतो. स्वॅप मागितला, फोनने रिजेक्ट पाठवला, लॉगमध्ये नोंद झाली. मग फर्मवेअरने एकदा जोडणी सोडायची, पुन्हा स्वतः वीज देणारा म्हणून उभं राहायचं आणि या वेळी डेटा रोल स्वॅप मागायचा, म्हणजे विजेऐवजी होस्टपणाची अदलाबदल. एका दाराने नाही तर दुसऱ्या दाराने बरेचसे फोन आत घेतात. हे सारं आपल्या कोडमध्ये, म्हणजे नंतरही सुधारता येण्याजोगं.

कंट्रोलरची खरी दुखरी जागा चार्जर उपसतानाची आहे. त्या क्षणी फोनला वीज आपण देत असतो आणि आपला स्रोतच जातो. व्हीबस पडला की फोन समजतो, उपकरण गेलं. रेकॉर्डिंग तुटतं. ‘मोठा कॅपॅसिटर लावू’ हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो, पण हिशोब करून पाहा: १०० मायक्रोफॅरडमध्ये ९ व्होल्टला साधारण ४ मिलिज्यूल ऊर्जा मावते, आणि १८ वॉट ओढणारा फोन ती पाव मिलिसेकंदाच्या आत संपवतो. स्वॅपच्या बोलण्यांना याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. यावरचा अधिकृत इलाज पीडी ३.० मधला फास्ट रोल स्वॅप, म्हणजे लांबलचक बोलण्यांविना विजेची दिशा झटकन उलटवणं, पण त्यालाही फोनची साथ लागते. थोडा आधार प्लगच्या रचनेत आहे. व्हीबस आणि ग्राउंडचे संपर्क सर्वांत शेवटी सुटतात, सीसी त्याआधी. त्यामुळे केबल उपसताना क्षणभर आधी चाहूल लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं तर तीही नाही.

म्हणजे निवड अशी: कंट्रोलर घेतला तर चार्जर काढताना आवाज एकदा तुटण्याची शक्यता, सीटीव्हीपीडी घेतलं तर काही फोन मुळीच चार्ज न होण्याची. तुमची अ‍ॅक्सेसरी तासन्‌तास अखंड रेकॉर्डिंगसाठी असेल, फोन कोणता हे तुम्हीच ठरवत असाल आणि तो फोन सीटीव्हीपीडी ओळखत असेल, तर दुसराच मार्ग बरा, यावर मी वाद घालणार नाही. मात्र तिला फोनकडे स्वतःचा प्लगच हवा. वेगळी केबल मध्ये आली की व्हिकॉन पलीकडे पोचत नाही आणि सगळा खेळच संपतो. तिला स्वतःला वीजही बेताचीच मिळते, आणि डेटा यूएसबी २ च्या वेगाचा. माइकला चालतं, कॅमेऱ्याला कमी पडतं.

कोणाच्या हातात कुठला फोन असेल ठाऊक नसेल, तर मी तरी कंट्रोलरच बसवीन. घेताना फास्ट रोल स्वॅप जमणारी चिप घ्या, सीसी आणि व्हीबस शेजारी असल्यामुळे सीसी पिन २० व्होल्टचा चुकून झालेला स्पर्श सोसतील असं संरक्षण लावा, आणि फर्मवेअर बदलण्यासाठी बोर्डावर चार पॅड मोकळे ठेवा. नवा फोन बाजारात आला की ते लागतातच.