साऊंड कार्डवर चालवलेली लॅब: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आकार स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) दोनच आणि बॅच वीस मुलांची, त्यामुळे ऑडिओ रेंजमधले सगळे प्रयोग कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डवर घ्यायचं, म्हणजे कार्डच्या आउटपुटमधून सिग्नल द्यायचा आणि इनपुटवर मोजायचा, असं ठरलं आणि सेटअपचं काम माझ्याकडे आलं. आठ महिने झाले, जवळपास रोज वापर आहे, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

आधी मुद्द्याचं. आरसी फिल्टर (रेझिस्टर आणि कपॅसिटरचा), ऑप-ॲम्प या ॲम्प्लिफायर चिपचा गेन (सिग्नल किती पट वाढतो), डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार किती बिघडतो), एवढ्या कामाला साऊंड कार्ड झकास चालतं. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला (सेकंदाला ४८ हजार नमुने) २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही दिसणार नाही, २० पर्यंतच धरून चाला, पण १६ बिटमुळे सिग्नलची बारकाई साध्या ८ बिट डिजिटल स्कोपपेक्षा कितीतरी जास्त मिळते. एलएम३५८ या ऑप-ॲम्पचं क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (वेव्ह वरून खाली जाताना मधेच होणारी मोडतोड) पुस्तकात वाचून मुलांना कधी पटलं नव्हतं, स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीच्या आलेखात) १ किलोहर्ट्झच्या शेजारी हार्मोनिक्सची, म्हणजे त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींची रांग उभी राहिली आणि त्याच सॉकेटमध्ये टीएल०७२ हा दुसरा ऑप-ॲम्प बसवल्यावर ती खाली बसली, तेव्हा सगळी बॅच एका स्क्रीनभोवती जमली होती.

पण हे सगळं पहिले दोन आठवडे डोकं खाल्ल्यानंतर. एका टेबलावरच्या दोघींनी १० के (किलोओम) रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरड कपॅसिटरचा लो-पास फिल्टर लावला होता, म्हणजे कटऑफ (ज्याच्या वरची फ्रिक्वेन्सी फिल्टर दाबतो) साधारण १.५९ किलोहर्ट्झ. सिग्नल सुरू केला की वेव्ह नीट दिसायची आणि तीन-चार सेकंदांत आपोआप बारीक होत होत गायब. त्यांनी कपॅसिटर तीनदा बदलला, ब्रेडबोर्ड बदलला, मला म्हणाल्या सर कपॅसिटर चार्ज होऊन बसतोय का. सर्किटमध्ये काहीच चूक नव्हती. माईकवरचं नॉइज सप्रेशन चालू होतं आणि त्याच्या दृष्टीने एकसारखा वाजणारा सूर म्हणजे पंख्याचा आवाज, तो दाबायचाच. हे फीचर बोलण्यासाठी चांगलंच आहे पण मोजमापासाठी घातक, कारण आकडे चुकतात आणि मुलं स्वतःच्या सर्किटवर संशय घेतात. त्यामुळे पहिलं काम, ऑडिओ एन्हान्समेंट्स, ऑटोमॅटिक गेन, इको कॅन्सलेशन सगळं बंद. विंडोजमध्ये कम्युनिकेशन्स टॅबमध्ये कॉल आला की बाकी आवाज कमी करायचं सेटिंग असतं, तिथे 'काहीही करू नका' निवडा. सॅम्पल रेट डिव्हाइसला आणि सॉफ्टवेअरला एकच ठेवा, एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असेल तर मधे रिसॅम्पलिंग होतं. लिनक्सच्या मशीनवर अल्सामिक्सर उघडून चॅनेलखाली एमएम दिसतंय का बघा, म्हणजे म्यूट आहे, एम दाबलं की सुटतं, आणि इनपुट बघायचं तर एफ४. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर आवाज गुपचूप तिकडे जाऊन बसतो, हेही एकदा तपासा.

जॅकचं प्रकरण वेगळंच. लॅपटॉपला बहुतेक एकच भोक असतं, चार पट्ट्यांचं, टोकाला लेफ्ट, मग राईट, मग ग्राउंड आणि शेवटी माईक. काही जुन्या हेडसेटमध्ये शेवटच्या दोन उलट असतात, ती वायर कापून प्रोब बनवला तर माईक आणि ग्राउंडची अदलाबदल होते. शिवाय माईक इनपुटवर माईकसाठीचे एक-दोन व्होल्ट डीसी आधीच बसलेले असतात, ते तुमच्या सर्किटमध्ये उतरतात, आणि चॅनेल एकच. फेज, म्हणजे सर्किटमधून जाताना वेव्ह किती मागेपुढे सरकते ते, मोजायचा तर सर्किटच्या आधीचा सिग्नल लेफ्टला आणि नंतरचा राईटला हवा, म्हणून मी शेवटी प्रत्येक टेबलाला स्टिरिओ लाईन-इन (माईकऐवजी थेट ऑडिओ सिग्नलसाठीचं दोन चॅनेलचं इनपुट) असलेला यूएसबी इंटरफेस दिला. पैसे इथेच घाला, माझं स्पष्ट मत आहे.

इनपुटच्या आधी १०० के चा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि मग जास्त व्होल्टेज ग्राउंडला वळवणारे उलटसुलट १एन४१४८ डायोड, हे न लावता मुलांच्या हातात वायर देऊ नका. एक एक डायोड लावला तर लहान सिग्नललाही ते थोडे थोडे कंडक्ट करतात आणि डायोडचंच डिस्टॉर्शन मोजलं जातं, म्हणून मी दोन्ही दिशांना दोन दोन सिरीजमध्ये टाकलेत.

साऊंड कार्डला व्होल्ट कळत नाहीत, कॅलिब्रेशन आपणच करायचं. १०० हर्ट्झची साइन वाजवा, मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजा आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. १ किंवा १० किलोहर्ट्झला कॅलिब्रेट करू नका, स्वस्त मीटर तेवढ्या फ्रिक्वेन्सीला कमी दाखवतो. आणि एकदा कॅलिब्रेट केलं की व्हॉल्यूमच्या स्लायडरला हात लावायचा नाही, मी स्लायडरच्या जागी मार्करने खूण केलेला स्क्रीनशॉट प्रत्येक टेबलावर चिकटवलाय.

गुणगुण म्हणजे ५० हर्ट्झ आणि त्याचे १००, १५० असे भाऊबंद दिसले तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आमच्याकडे दहापैकी सात वेळा तेवढ्यानेच लाईन सपाट झाली, कारण होतं ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याने येणारी गुणगुण). डेस्कटॉपला हा उपाय नाही, तिथे १:१ चा ६०० ओमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मधे घातला, फक्त त्याने खालच्या फ्रिक्वेन्सीला थोडी पडझड होते हे मुलांना आधी सांगून ठेवलं.

जमत नाही ते पण सांगतो. इनपुटला कपॅसिटर असतो म्हणून डीसी दिसतच नाही, आणि ५० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिली तर वरची सपाट बाजू उतरती दिसते. एका मुलाने विचारलं सर्किट बिघडलंय का, मग आउटपुटची वायर सरळ इनपुटला जोडून दाखवलं, तरीही तोच उतार. तेव्हापासून प्रत्येक प्रॅक्टिकलची सुरुवात याच लूपबॅक वायरने होते, आधी कार्डचा स्वतःचा रिस्पॉन्स सेव्ह करायचा आणि मग सर्किट जोडायचं. पॉवर सप्लाय आणि डिजिटलचे प्रयोग मात्र त्या दोन स्कोपवरच घेतो.

चौथ्या महिन्यात तीन जॅक सैल झाले, हात लागला की एक चॅनेल जायचा. आता प्रत्येक इंटरफेसला छोटी एक्स्टेंशन कायमची लावून टेपने बांधलीय, मुलं तिच्यातच घालतात काढतात, झिजली की तेवढीच बदलायची.