एकाच येशूला दोन आवाज: नव्या कराराच्या एका ध्वनिमुद्रणाविषयी

आधीच सांगून टाकतो, माझे कान अर्धे गेलेले आहेत. तेहतीस वर्षं फाउंड्रीत पितळ आणि कासं ओतण्यात गेली. ब्लोअरच्या घरघरीने कानांचं व्हायचं ते झालं. ‘स’ आणि ‘श’ मला सारखेच ऐकू येतात. अशा माणसाने ध्वनिमुद्रणाचं परीक्षण लिहावं हा विनोद वाटेल, पण आता डोळेही साथ देत नाहीत. पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, बारीक अक्षरं भिंगाशिवाय दिसेनात, तेव्हा जावयाने अख्खा नवा करार, म्हणजे त्याचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, फोनमध्ये घालून दिला. सत्तावीस पुस्तकं, २६० अध्याय. हेडफोन लावून मी तो दोनदा पूर्ण ऐकला. पुनरुत्थानानंतरचे, म्हणजे येशू मरणातून उठल्यानंतरचे, भाग मात्र किती वेळा ऐकले याचा हिशेब नाही, आणि माझी तक्रार त्याच भागांबद्दल आहे.

नाव घेत नाही. हाच दोष असलेली आणखी एक-दोन ध्वनिमुद्रणं मी ऐकली आहेत, मग एकालाच का धरायचं?

आधी चांगलं ते. निवेदकाचा आवाज खडखडीत आहे, उच्चार सुटे, घाई नाही. माझ्यासारख्यालाही शब्द चुकत नाहीत. स्त्रियांची वाक्यं स्त्रीच वाचते. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, विसाव्या अध्यायात मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे, समोरचा माणूस माळी आहे असं तिला वाटतंय, आणि तो फक्त तिचं नाव घेतो. वाचणाऱ्याने तिथे जेमतेम एक श्वास थांबून, आवाज जराही न चढवता ‘मरिये’ म्हटलंय. मागे तंबोरा नाही, बासरी नाही. तिचं ‘रब्बूनी’, म्हणजे ‘गुरुजी’, त्याच्या शब्दावरच येऊन आदळतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून बसून राहिलो होतो.

मेलेला परत उठला, तर तो कुणाकडे जाईल? आपण असतो तर मरणाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या दारात गेलो असतो, नाहीतर महायाजक कयफाच्या. ‘बघा’ म्हणायला. शुभवर्तमानांत तसं कुठेच नाही. तो जातो रडणाऱ्या बाईकडे, दारं लावून भीतीने बसलेल्या आपल्याच माणसांकडे, अम्माऊसच्या वाटेवर तोंड पाडून चाललेल्या दोघांकडे. त्यातल्या एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूक सांगतच नाही. तो बराच वेळ त्यांच्याबरोबर चालतो, शास्त्र उलगडून सांगतो, आणि भाकर मोडताना ओळखू आला की दिसेनासा होतो. या भागातलं वाचन उत्तम आहे. अम्माऊसच्या वाटेवर मागे सतार घातली आहे तेवढी नको होती. दुःखी माणसं चालतात तेव्हा सतार वाजत नसते.

योहानाचा एकविसावा अध्याय तर या संचातला सर्वांत सरस. रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही, सकाळी १५३ मासे, आणि काठावर कोळशाचा विस्तव. विस्तव हा माझा जन्माचा सोबती, म्हणून हे मी शोधून काढलं: कोळशाच्या विस्तवासाठी इथे जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात दोनच जागी येतो. एक इथे, आणि दुसरा तीन अध्याय आधी, महायाजकाच्या वाड्यात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने, येशूच्या शिष्याने, ‘मी त्याचा नाही’ म्हटलं होतं. ज्या तऱ्हेच्या विस्तवापाशी माणूस घसरला, तसलाच विस्तव पेटवून त्याला पुन्हा बोलावलंय. आणि आधी प्रश्न नाही, आधी ‘या, न्याहारी करा’. मग तीन वेळा ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असं विचारणं. वाचणाऱ्याने तिन्ही प्रश्न वेगळ्या सुरात विचारलेत, तिसरा जवळजवळ कुजबुजत. आरोपीची जबानी घेतल्यासारखे नाहीत. इथवर मी पैकीच्या पैकी गुण देतो.

बिघाड सुरू होतो शुभवर्तमानांनंतरच्या पुस्तकात, प्रेषितांच्या कृत्यांत. नवव्या अध्यायात शौल, म्हणजेच पुढचा पौल, येशूच्या अनुयायांना धरायला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर आहे, आकाशातून प्रकाश येतो, आणि इथे स्टुडिओवाल्याने खटका दाबलाय. कालपर्यंत माणसासारखा बोलणारा येशू एकदम विहिरीतून बोलू लागतो. घुमारा, गडगडाट, मागे ढोल. ‘शौला, शौला, माझा छळ का करतोस?’ हे वाक्य असं येतं की पुढे शिक्षाच सुनावली जाणार.

वाक्य नीट ऐका. नाव दोनदा घेतलंय. ‘माझ्या लोकांचा’ असं म्हटलेलं नाही, ‘माझा’ म्हटलंय. तू कोण असं विचारल्यावर एकही पदवी न लावता ‘ज्या येशूचा तू छळ करतोस तोच मी’ एवढंच उत्तर आहे. पौल हीच हकिकत सव्विसाव्या अध्यायात अग्रिप्पा राजाला सांगतो तेव्हा आवर्जून म्हणतो, वाणी इब्री भाषेत होती. म्हणजे परक्या दरबारी भाषेत नव्हे, घरच्या भाषेत. एवढी जवळीक ढोलाखाली दडपून टाकायची?

मग येतं प्रकटीकरण, योहानाला झालेल्या दर्शनांचं शेवटचं पुस्तक. बावीस अध्याय, या संचात दीड तासाच्या आसपास. हेच ऐकायला मी सर्वांत आतुर होतो, आणि इथेच मला सर्वांत जास्त राग आला.

पहिल्या अध्यायातलं दर्शन ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. योहान पात्म बेटावर आहे. मागून वाणी येते, तो वळतो, आणि पहिल्यांदा त्याला दिसतात सोन्याच्या सात समया. आपल्या भाषांतरातला हा शब्द मला फार आवडतो. काही इंग्रजी भाषांतरांत मेणबत्तीची घरं आहेत, पण त्या काळचे दिवे तेलाचे, तेव्हा समईच बरोबर. समई म्हणजे वात पुढे सारणं आलं, काजळी झाडणं आलं, तेल घालणं आलं. आणि तो उभा कुठे आहे? त्या समयांच्या मधोमध. मग अंगरखा, छातीवर सोन्याचा पट्टा, लोकरीसारखे पांढरे केस, अग्नीच्या ज्वालेसारखे डोळे. जुन्या करारातल्या दानीएलाच्या सातव्या अध्यायात लोकरीसारखे केस ‘पुराणपुरुषाचे’ आहेत, म्हणजे खुद्द देवाचे. योहान ते येशूच्या डोक्यावर पाहतो. एवढ्या एका ओळीत त्याने जे सांगितलंय त्यावर पुढे सभाच्या सभा भरल्या.

आणि पाय. भट्टीतून काढलेल्या सोनपितळेसारखे. इथे मी जरा थांबणार, कारण हे माझं खातं आहे. मुशीतून निघालेला रस पिवळा नसतो. नारिंगीच्या पलीकडचा, पांढुरका, आणि उघड्या डोळ्याने त्याच्याकडे टक लावून बघता येत नाही. चेहऱ्याला आधी धग लागते, मग नजर पोचते. फाउंड्रीत सगळ्यांत जास्त जपायचे असतात ते पाय. रसाचा शिंतोडा बुटात गेला की बूट काढेपर्यंत तो थांबत नाही. माझ्या उजव्या पायावर त्याची खूण आहे. म्हणून लुकाच्या चोविसाव्या अध्यायात ‘माझे हात व माझे पाय पाहा’ म्हणून व्रण दाखवणारे पाय, आणि हे धगधगीत धातूचे पाय, दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे मला जरा जास्तच लागतं.

सोनपितळेसाठीचा मूळ ग्रीक शब्द गमतीचा आहे. प्रकटीकरणाबाहेर, त्याच्या आधीच्या ग्रीक लिखाणात तो सापडत नाही. प्रकटीकरणातही दोनदाच, इथे आणि थुवतीरा गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात; अशी सात गावांना सात पत्रं पुढच्या दोन अध्यायांत आहेत. नेमका कुठला मिश्रधातू यावर पंडितांचं एकमत नाही. पण थुवतीरा कारागिरांच्या संघांसाठी प्रसिद्ध होतं, आणि तिथल्या कोरीव लेखांत तांबटांचाही उल्लेख आहे. भट्टीवाल्यांच्या गावाला पत्र लिहिताना येशूने आपल्या रूपातून नेमके पाय निवडले. हे वाचून मला आमच्या शिफ्टची आठवण झाली. हा माणूस गिऱ्हाईक ओळखून बोलतो.

बहुतेक पत्रांचं असंच आहे. इफिसला लिहिताना उजव्या हातातले तारे आणि समयांमधून चालणं, स्मुर्णाला ‘मेला होता व जिवंत झाला’, पर्गमाला दुधारी तलवार. म्हणजे पत्रांचा मायना पहिल्या अध्यायातून उचललेला आहे. या ध्वनिमुद्रणात मात्र पहिला अध्याय संपला की घंटा वाजते, काही क्षण शांतता, पुन्हा घंटा, ‘अध्याय दुसरा’. धागा तुटतो. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, वचनांचे आकडे १५५१ साली. योहानाने लिहिलं ते सलग ऐकवायलाच. ‘वाचून दाखवणारा व ऐकणारे धन्य’ असं तिसऱ्याच वचनात म्हटलंय. निदान हे पुस्तक तरी घंटेविना द्यायचं!

पण मुख्य गुन्हा सतराव्या वचनात आहे. त्याआधी वाणी ‘अनेक जलप्रवाहांच्या ध्वनीसारखी’ म्हटली आहे, म्हणून घुमारा घातला, ठीक. तिथे मी भांडणार नाही. योहान मेल्यासारखा त्याच्या पायांशी पडतो. मग? ‘त्याने आपला उजवा हात माझ्यावर ठेवला.’ कुठला हात? एक वचन आधी ज्यात सात तारे होते तोच. तारे कुठे ठेवले हे योहान सांगत नाही. पडलेल्याच्या अंगावर हात ठेवायचा होता, ठेवला. आणि शब्द कोणते, तर ‘भिऊ नको’. येशूचं रूप पालटून तेजस्वी झालं त्या डोंगरावर शिष्य पालथे पडले होते तेव्हाही, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात, त्याने जवळ येऊन त्यांना स्पर्श केला होता आणि हेच म्हटलं होतं. माणूस तोच, सवय तीच.

या संचात ‘भिऊ नको’ असं गर्जतं की माझी नात दुसऱ्या खोलीतून धावत आली. ‘आजोबा, काय पडलं?’

सांगायचं हेच, की वाचणाऱ्याचं काही चुकलेलं नाही, चूक खटका दाबणाऱ्याची. त्याने ठरवून टाकलं की कबरेआधीचा आणि समुद्राकाठचा येशू प्रेमळ, आणि वैभवातला येशू वेगळा, कडक, लांबचा. मजकूर तसं म्हणू देत नाही. पाचव्या अध्यायात सिंहासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक योहानाला म्हणतो, रडू नको, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. योहान बघायला जातो तर उभा आहे कोकरा, वध झाल्यासारखा. पुढे पुस्तक संपेपर्यंत त्याचं सर्वांत नेहमीचं नाव कोकराच आहे, अठ्ठावीस वेळा. सिंह म्हणून एकदाच. या ध्वनिमुद्रणात सिंहाची डरकाळी आहे, खरंच आहे, हसू नका. कोकऱ्याला काही आवाज दिलेला नाही, ते एक बरं केलं.

एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, रक्तात भिजलेलं वस्त्र नेसून. टापांचा आवाज चांगला मुद्रित केलाय, मान्य. पण त्याचं वस्त्र लढाई सुरू व्हायच्या आधीच भिजलेलं आहे. कुणी म्हणतात शत्रूचं रक्त, यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायाचा दाखला देऊन. मला ते त्याचंच वाटतं, आणि असं वाटणारा मी काही पहिला नाही. निवेदकाने मात्र ते वचन इतक्या विजयाच्या सुरात म्हटलंय की हा विचार करायला सवडच मिळू नये.

आणि लावदिकीया. सात मंडळ्यांत सर्वांत वाईट शेरा हिचाच, कोमट, ओकून टाकण्याजोगी. ‘पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे’ हे वाक्य मिळालं तेही हिलाच. स्टुडिओत त्यांनी खरोखर दार ठोकलंय, पण जप्तीचं वॉरंट घेऊन आल्यासारखं. ज्याच्याजवळ मरणाच्या किल्ल्या आहेत तो कोमट लोकांच्या दाराशी बाहेर उभा राहून वाट बघतो. हलक्या हाताने दोन टकटक पुरल्या असत्या.

घ्यावं का? शुभवर्तमानांसाठी जरूर घ्या. पौल वगैरेंची पत्रं बरी आहेत, इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय तर फारच छान वाचलाय. फाइलींची नावं सरळ आहेत, जिथे थांबलो तिथूनच सुरू होतं, माझ्यासारख्याला दोन बोटांत चालवता येतं. प्रकटीकरणासाठी घेऊ नका, किंवा घ्या आणि मी करतो तसं करा. पहिला अध्याय लावायचा, सोळा वचनं ऐकायची, समया, डोळे, पाय, तलवार, दुपारच्या सूर्यासारखं तोंड, सगळं. मग फोन बंद. भिंग काढायचं, दिव्याखाली धरायचं, आणि सतरावं वचन आपल्या आवाजात, हळू वाचायचं.