रविवारी सकाळी घावन की आंबोळी?

हा निर्णय शनिवारी सकाळीच घ्यावा लागतो. आंबोळी हवी तर तीन वाट्या तांदूळ, वाटीभर उडीद डाळ आणि चमचाभर मेथी तेव्हाच भिजत पडायला हवी. संध्याकाळी वाटायचं आणि रात्रभर पीठ आंबू द्यायचं. घावनाला ही यातायात नाही. रात्री नुसते तांदूळ भिजवले की झालं. तेही विसरलात तर तांदळाच्या पिठीत मीठ-पाणी घालून थेट तव्यापाशी जा.

एवढं वाचून आळशी माणूस घावनाकडे झुकेल. त्याने जरा थांबावं, कारण घावनाचे कष्ट पुढे आहेत. पीठ ताकासारखं पातळ, तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक डावाला ढवळायचं. बिडाचा तवा सणसणीत तापलेला नसेल तर जाळी पडत नाही. तेल फिरवायला अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी. पहिलं घावन बिघडतंच. ते करणाऱ्याने ओट्याशीच संपवायचं. बाकीची तव्यावरून थेट पानात, त्यामुळे घरात चार माणसं असली की एकजण तासभर उभा. आमच्याकडे तो मीच.

पण तो तास मला नकोसा वाटत नाही. झाकण ठेवलं की मिनिटभर काही करायचं नसतं, आणि पिठाच्या हातांनी मोबाइलही धरता येत नाही. बुधवारी कुणाला तरी उगाच तोडून बोललो होतो, हे हमखास तिसऱ्या-चौथ्या घावनाला आठवतं.

आंबोळीत असा विचार होत नाही. ती जाड, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर तासाभरानेही मऊ. सगळ्या एकदम करून टाकायच्या, काळ्या वाटाण्याची उसळ शेजारी ठेवायची (वाटाणे भिजवायला विसरलात तर चटणी) आणि पुस्तक घेऊन पडवीत बसायचं. शनिवारी वाचनालयातून पुस्तक बदलून आणायची मला सवय आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. तिथल्या पुस्तकावर डाग पाडायचा म्हणजे पाप. घावनाबरोबर नारळाच्या दुधाचा गूळ-वेलची घातलेला रस असतो, बोटं मनगटापर्यंत चिकट होतात. एकदा त्याच बोटांनी पान उलटलं होतं. चटणी-आंबोळी उजव्या हाताने खाता येते, डावा हात पानं उलटायला मोकळा.

ऋतूही बघा. मे महिन्यात पीठ रातोरात वर येऊन पातेल्याबाहेर सांडतं आणि आंबट ढाण होतं. जुलैच्या गारठ्यात सकाळी पाहावं तर जसंच्या तसं. पावसात पातेलं पंच्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवतात, तरी भरवसा नाही. पावसाळ्यात म्हणून घावनच बरं. गौरीच्या दिवशी तर प्रश्नच नाही, घावन-घाटलंच लागतं.

माझं मत विचाराल तर पुस्तक अर्ध्यावर आलं असेल तेव्हा आंबोळी करा. डोक्यात काही घोळत असेल, किंवा बायको-मुलं आळीपाळीने तव्यापाशी उभी राहायला तयार असतील, तर घावन. ती तयार होतात असा माझा अनुभव नाही.

या शनिवारी उडीद डाळ संपलीय, आणलेली कादंबरीही रटाळ निघाली. तेव्हा घावनच. नारळ तेवढा आजच खवून ठेवायला हवा.