हडसनवरची लाइटहाऊसेस: एकच वीकेंड असेल तर कुठलं बघायचं?

उन्हाळ्यात आईबाबा न्यूजर्सीला आले की नायगारा, वॉशिंग्टन, लिबर्टीचा पुतळा एवढं होतं आणि मग पुढे काय हा प्रश्न येतोच, तर मी हल्ली सगळ्यांना हडसन नदीवरची जुनी लाइटहाऊसेस सांगते. एकूण सात उरलीत, पण एका वीकेंडला दोन नीट होतात, तिसऱ्याच्या मागे लागलात की नुसती धावपळ. म्हणून निवडून जा.

आधी एक लक्षात घ्या, हडसन म्हणायला नदी, पण ट्रॉयपर्यंत म्हणजे समुद्रापासून साधारण दीडशे मैल आत भरती-ओहोटी चालते, थोडक्यात आपली खाडीच. कुठलं लाइटहाऊस कधी बघायचं हे त्यावरही ठरतं.

माझ्या मते एकच बघायचं तर सॉगर्टीज. 1869 चं विटांचं दुमजली घर आणि त्यालाच लागून दिव्याचा मनोरा, एसोपस क्रीक जिथे हडसनला मिळते तिथे. गाडी दूर लावून अर्धा मैल चालत जायचं, पायवाट झाडांतून, ओल्या मातीतून, मध्येमध्ये लाकडी फळ्यांवरून. भरतीला वाटेचा काही भाग पाण्याखाली जातो, त्यामुळे निघण्याआधी भरतीची वेळ बघाच, आम्ही बघितली नव्हती आणि वाटेत थांबावं लागलं. बाबा दापोलीकडचे, त्यांनी लव्हाळ्यावर वीतभर उंच सुकलेल्या चिखलाची रेघ बोटाने दाखवली, म्हणाले, "पाणी इथवर येतं, आता सुकती, म्हणजे ओहोटी, लागलीय, तासभर थांबू." तसंच झालं. मागच्या डेकवर बसलं की समोर पाणीच पाणी, आणि बाबा तिथून उठायलाच तयार नव्हते.

तिथे राहताही येतं, पण खोल्या दोनच, बुकिंग कितीतरी महिने आधी संपतं, आणि सामान स्वतः उचलून त्याच वाटेने न्यायचं. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका.

स्टोनी पॉइंट त्याच्या अगदी उलट. न्यूजर्सीपासून जवळ, चिखल नाही, बोट नाही, पण चढ आहे, गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. 1826 चा हा अष्टकोनी दगडी मनोरा हडसनवरचा सगळ्यात जुना, आणि उभा कुठे, तर 1779 मध्ये स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन सेनापती अँथनी वेनच्या सैनिकांनी मध्यरात्री हल्ला करून ब्रिटिशांकडून घेतलेल्या टेकडीवर. ज्यांना किल्ल्यांची आवड आहे त्यांना ही जागा लगेच आवडेल. इथे नॅन्सी रोझ या बाईंनी नवरा गेल्यावर 1857 पासून 1904 पर्यंत दिवा सांभाळला. सत्तेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी! मला इथे मनोऱ्यापेक्षा त्यांचाच विचार जास्त येत राहिला.

अशीच गोष्ट किंग्स्टनच्या राँडाउट लाइटहाऊसची, कॅथरीन मर्डॉकचा नवराही 1857 मध्येच बुडाला आणि तिने पुढे 1907 पर्यंत काम केलं, नंतर मुलाने. आत्ताचं लाइटहाऊस मात्र 1915 चं, तिच्या नंतरचं. इथे जायला तिथल्या मॅरिटाइम म्युझियमची बोट लागते, चालायचं कमी, त्यामुळे वयस्कर माणसं असतील तर सॉगर्टीजऐवजी हे घ्या, फक्त टूरच्या तारखा आधी बघा.

लहान मुलं असतील तर जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजखालचं छोटं लाल लाइटहाऊस. चाळीस फूट उंच, मूळ न्यूजर्सीच्या सँडी हुकचं, 1921 मध्ये इथे आणलं. पूल 1931 मध्ये झाला आणि दिव्याची गरज उरली नाही, पण 1942 च्या एका मुलांच्या पुस्तकामुळे ते इतकं लाडकं झालं की लिलावाची वेळ आली तेव्हा मुलांनी पत्रं लिहून वाचवलं. न्यूयॉर्क सबवेच्या ए ट्रेनने 181 व्या रस्त्याला उतरून खाली चालत जायचं, बाहेरून कधीही बघा, आत मोजक्या दिवशीच सोडतात. टॅरीटाउनचं 1883 चं लोखंडी लाइटहाऊस येताजाता होतं, पूर्वी भर पाण्यात होतं, भराव टाकत टाकत किनाराच त्याच्याजवळ आला. एसोपस मेडोजचं लाकडी घर सुंदर आहे पण किनाऱ्यावरून लांबूनच दिसतं.

राहिलं हडसन-अथेन्स, 1874 चं, भर नदीत. बर्फ फुटावा म्हणून त्याचा दगडी पाया जहाजाच्या नाळेसारखा टोकदार केलाय. पण त्याखालचे लाकडी खांब झिजतायत, 2024 मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात धोक्यातल्या अकरा वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. सॉगर्टीजहून फार लांब नाही, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी अथेन्सच्या काठावरच्या पार्कमध्ये या, तिथून ते समोरच दिसतं, आणि अंधार पडेपर्यंत थांबा, दिवा अजून लागतो.