हळू आवाजातही भरदार: यामाहाच्या 'टीएचआर-१० टू' या गिटार अ‍ॅम्पचा वर्षभराचा अनुभव

रत्नागिरीजवळचे आमचे जुने घर जांभ्या दगडाचे होते. हातभर जाडीच्या भिंती, भोवती माडापोफळींचे आगर आणि शेजारचे घर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार कितीही मोठ्याने वाजवली तरी कोणाला त्रास होत नसे. तीन वर्षांपूर्वी आम्ही शहरात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहायला आलो आणि सोबत आणलेला १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (ट्यूबवर) चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, पहिल्याच आठवड्यात अडचणीचा ठरला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "वाजवतोस ते कानाला लागत नाही रे, पण पायाखाली धडधडतं आणि झोप मोडते," एवढेच ते शांतपणे म्हणाले. त्यांचे हे वाक्य किती नेमके होते, हे मला अ‍ॅम्प शोधू लागल्यावर उमगले.

ट्यूब अ‍ॅम्पचा स्वर खुलतो तो त्याच्या शेवटच्या टप्प्यातील ट्यूबवर ताण येऊ लागल्यावर, म्हणजे आवाज चांगलाच चढवल्यावर. तोच अ‍ॅम्प हळू लावला की कोरडा आणि पातळ वाटतो. मग कमी वॉटचा अ‍ॅम्प घ्यावा, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. प्रत्यक्षात वॉट एक दशांशावर आणले तरी कानाला आवाज साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो, आणि गिटारच्या बहुतेक मोठ्या स्पीकरना अवघा १ वॉट मिळाला तरी एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबलपर्यंत आवाज होतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्पही सदनिकेसाठी किती मोठा आहे ते ध्यानात येईल. म्हणून अ‍ॅम्प निवडताना मी वॉटचा आकडा बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारू लागलो: शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येईल इतक्या हळू आवाजात हा कसा वाजतो?

या प्रश्नामागे आणखी एक कारण आहे. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्जाचे आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक क्षीण ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे आलेख मांडले होते. त्यामुळे हळू वाजवणारा माणूस नकळत बेसचा नॉब वाढवतो, आणि नेमका तो खर्जच स्लॅबमधून खाली उतरतो. वरचे स्वर दार आणि पडदा बऱ्यापैकी अडवतात, खर्ज अडत नाही. काकांच्या पायाखाली धडधडत होते ते हेच.

'टीएचआर-१० टू' मी कोल्हापूरला जाऊन, ऐकून घेतला. दुकानात अ‍ॅम्प दाखवणारा मुलगा सवयीने आवाज मोठा करतो. मी त्याला तो कमी करायला सांगितले आणि पाऊण तास तसाच वाजवत बसलो. या अ‍ॅम्पमध्ये ट्यूब नाहीत, तो ट्यूबच्या स्वराची नक्कल करतो. त्याची सगळी खुबी नॉबांच्या विभागणीत आहे. 'गेन' आणि 'मास्टर' हे दोन नॉब मिळून ट्यूबवर किती ताण आल्याचा भास व्हावा हे ठरवतात, तर खोलीत प्रत्यक्ष किती आवाज व्हावा हे 'गिटार' नावाचा वेगळा नॉब ठरवतो. त्यामुळे स्वर भरदार ठेवून आवाज पंख्याच्या घरघरीइतका खाली आणता येतो, आणि डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारख्या केलेल्या स्वराचा, पोत बऱ्याच अंशी टिकून राहतो. मोबाइलवरून ब्लूटूथने लावलेल्या गाण्यासाठी चौथा, स्वतंत्र नॉब आहे. गाण्याबरोबर वाजवून बसवणाऱ्याला ही सोय रोज उपयोगी पडते. आत ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर असून शक्ती २० वॉट आहे, पण मी ती क्वचितच निम्म्यापर्यंत नेली आहे. अ‍ॅम्प सुरू केला की जाळीमागे ट्यूबसारखा नारिंगी उजेड दिसतो. त्याने स्वरात काही फरक पडत नाही, तरी रात्री दिवा मालवून वाजवताना तो मला फार आवडतो.

हेडफोन लावले की स्पीकर बंद होतात आणि रात्री दहानंतर माझा सराव तसाच चालतो. हेडफोन मात्र वायरचेच हवेत. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये तारेवर आघात केल्यानंतर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, आणि तो क्षण तालाचा सराव करणाऱ्याला सहन होत नाही.

एक निर्णय मात्र मी चुकीचा घेतला. या मॉडेलमध्ये बॅटरी नसते; ती हवी असेल तर त्याचेच 'वायरलेस' हे महागडे रूप घ्यावे लागते. मी पैसे वाचवले आणि पहिल्याच पावसाळ्यात पस्तावलो, कारण आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. कोकणात घेणाऱ्याने हा खर्च करावा, असे मी मनापासून सांगेन.

ज्यांचे बजेट लहान आहे त्यांच्यासाठी बॉसचा 'कटाना मिनी' चांगला आहे. त्याला ७ वॉट शक्ती, १० सेंटिमीटरचा एक स्पीकर आणि सहा पेन्सिल सेलवर चालण्याची सोय आहे, आणि त्याचा क्रंच, म्हणजे किंचित फाटलेला, स्वर त्याच्या आकाराच्या मानाने फार गोड आहे. ब्लॅकस्टारचा 'फ्लाय ३' त्याहून लहान, ३ वॉटचा. पडवीत किंवा गच्चीत बसून वाजवायला तो पुरतो. अगदीच शिकाऊ मुलासाठी गिटारच्या जॅकमध्ये (वायर खोचायच्या खाचेत) थेट खोचता येणारा व्हॉक्सचा 'अ‍ॅम्पप्लग' आणि साधे हेडफोन एवढ्यावर पहिले वर्ष निभावते. जुना ट्यूब अ‍ॅम्प घरात असेल आणि तोच हळू वाजवायचा असेल, तर आवाज टाळण्यासाठी स्पीकरची वायर काढून तो सुरू करू नये. भार नसताना त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

खाऱ्या, दमट हवेबद्दल थोडे. जून ते सप्टेंबर या काळात जॅकच्या धातूवर पुट चढते आणि नॉब फिरवताना खरखर ऐकू येऊ लागते. मी सराव संपला की अ‍ॅम्प सुती पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, आठवड्यातून एकदा सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो आणि वायरची पिन जॅकमध्ये दहा वेळा आत-बाहेर करतो. वर्षभरात खरखर आलेली नाही. सेलवर चालणारा अ‍ॅम्प महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतले संपर्क खातात.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नये. माझा पाटावर असतो, पाटाखाली काथ्याचे जाड पायपुसणे दुहेरी घडी करून घातले आहे, आणि तो कानाच्या जास्त जवळ यावा म्हणून मी स्वतः जमिनीवर चटई टाकून बसतो. पायपुसणे घालण्यापूर्वी फरशीवर तळहात टेकवला की खर्जाच्या तारेचा प्रत्येक ठोका जाणवत असे. आता तो फार लक्ष दिल्याशिवाय कळत नाही. बेसचा नॉब मी मध्यापेक्षा थोडा खाली आणि मधल्या स्वरांचा 'मिडल' थोडा वर ठेवतो. जवळ बसून ऐकले की खर्जाची उणीव भासत नाही.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. त्याला वर वाजवायला बसवून मी काकांच्या घरी गेलो आणि आम्ही दोघे त्यांच्या झोपायच्या खोलीत पलंगावर बसलो. पंखा बंद केला तेव्हा गिटार अगदी पुसट ऐकू येत होती. पंखा लावल्यावर काही ऐकू आले नाही. काकांनी उठून भिंतीला हात लावून पाहिला आणि मान हलवली. त्या वेळी 'गिटार'चा नॉब जिथे होता, तिथे मी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करून ठेवली आहे.