मोडांसाठी घेतलेले यूव्ही-सी कपाट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यात आमचा मोड आलेल्या कडधान्यांचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. मटकी, मूग आणि चवळी मिळून रोज सुमारे ४० किलो माल तयार होतो. त्यातला बराचसा मिसळीच्या हॉटेलांत जातो आणि तेथे त्याची उसळ शिजत असल्यामुळे जिवाणूंची विशेष चिंता करावी लागत नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र व्यायामशाळेत जाणारी मंडळी मोडाचे मूग कच्चेच खाण्यासाठी नेऊ लागली आणि माझी झोप उडाली. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूने तीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले होते आणि पन्नासहून अधिक दगावले होते. मोड येण्यासाठी जी ऊब आणि जो ओलावा लागतो, नेमका तोच जिवाणूंनाही मानवतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे.

म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी ३४ हजार रुपये मोजून यूव्ही-सी, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या अतिनील किरणांचे स्टीलचे कपाट घेतले. त्यात सहा जाळीचे ट्रे बसतात, १५ वॅटच्या चार ट्यूब आहेत, टायमर आहे आणि दार उघडताच ट्यूब बंद करणारा स्विच आहे. विजेचा खर्च नगण्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. विक्रेत्याने ‘९९.९ टक्के जिवाणू नष्ट’ असे सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण ज्या सपाट पृष्ठभागावर किरण थेट पडतात त्याच्यापुरतेच ते खरे होते, आणि मूग सपाट नसतात.

या ट्यूबमधून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. जिवाणूच्या डीएनएमध्ये शेजारी शेजारी असलेले थायमिनचे दोन घटक या किरणांमुळे एकमेकांना जोडले जातात. मग त्या डीएनएची नक्कल नीट होत नाही आणि जिवाणूची वाढ थांबते. प्रकाशाने जिवाणू मरतात हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ सालीच दाखवून दिले होते. आमच्या सासूबाईंचे ‘ऊन दाखवले की झाले’ हे म्हणणे त्याच जातीचे आहे, असे मी त्यांना कौतुकाने सांगितले. फरक इतकाच की उन्हातले यूव्ही-सी किरण वातावरणातच शोषले जातात आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या पापड-कुरडयांना तारते ते मुख्यतः वाळणे.

पहिल्या महिन्यात आम्ही मोड चार बोटे जाडीच्या थरात ट्रेमध्ये पसरत होतो आणि दहा मिनिटे कपाट चालवत होतो. माल तरीही पूर्वीसारखाच तिसऱ्या दिवशी चिकट होऊन आंबूस वास मारू लागे. मग यूव्ही-सी पडल्यावर रंग बदलणाऱ्या पट्ट्या मागवल्या. एक पट्टी थरावर ठेवली आणि दुसरी मुगांच्या तळाशी. वरच्या पट्टीचा रंग पूर्ण बदलला, तळची पट्टी जशीच्या तशी राहिली. हे किरण साध्या काचेतूनही आरपार जात नाहीत, मग एका मुगाआडच्या दुसऱ्या मुगापर्यंत कोठून पोहोचणार? सावलीत राहिलेला जिवाणू सुखरूप राहतो आणि चार-सहा तासांत आपली पिलावळ वाढवतो.

त्यानंतर आम्ही एकेरी थर पसरायला सुरुवात केली. एका ट्रेत जेमतेम अर्धा किलो मूग मावतात, म्हणजे सहा ट्रेमध्ये तीन किलो. दोन्ही बाजूंना प्रकाश मिळावा म्हणून मध्येच ट्रे हलवून मूग उलटावे लागतात, त्यामुळे एका फेरीस वीस मिनिटे जातात. या हिशेबाने ४० किलो मालाला चौदा फेऱ्या आणि पावणेपाच तास लागले असते. ते शक्य नव्हते, म्हणून कच्चे खाण्यासाठी जाणारे सहा किलो मूगच आता दोन फेऱ्यांत या कपाटातून काढतो. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोनदा नमुने दिले. जाड थराच्या नमुन्यात, किरण दिलेल्या आणि न दिलेल्या मालात सांगण्यासारखा फरक नव्हता. एकेरी थरात जिवाणू घटले होते, पण संपले नव्हते. बियाण्याच्या भेगांत, सालीखाली दडलेले जिवाणू या प्रकाशाच्या कक्षेबाहेरच राहतात. शिवाय काही जिवाणूंकडे दृश्य प्रकाशाच्या मदतीने डीएनएची ही इजा भरून काढण्याची सोयही असते. तेव्हा किरण दिलेला माल उजेडात पडू न देता लगेच पाकिटात भरून थंड ठिकाणी ठेवतो.

खरा फायदा झाला तो ज्यासाठी कपाट घेतले नव्हते तिथे. धुऊन पूर्ण कोरडे केलेले ट्रे, पाकिटे भरण्याचे चमचे, सुऱ्या आणि तराजूचे भांडे आता रोज कामाआधी दहा मिनिटे आत ठेवतो. ट्रेच्या पृष्ठभागावर बोळा फिरवून जो नमुना दिला, त्याच्या निकालात किरणांआधी आणि किरणांनंतर असा फरक दिसला की मलाच तो पुन्हा तपासून घ्यावासा वाटला. ट्रेवर साबणाचा किंवा डाळीच्या पिठाचा थर राहिला तर मात्र काही उपयोग होत नाही, कारण त्या थराखालचे सारे सावलीत जाते. मोड बांधण्याच्या मलमलच्या फडक्यांनाही ते लागू आहे. विणीच्या आतपर्यंत किरण जात नाहीत, म्हणून फडकी पूर्वीसारखीच उकळून घेतो. मूग आता एक दिवस अधिक टिकतात हे खरे. पण त्याच सुमारास आम्ही माल थंड करण्याची पद्धतही बदलली, त्यामुळे हे सारे श्रेय कपाटाला देणे मला योग्य वाटत नाही.

भिजवण्याच्या पाण्यासाठी नळाला यूव्हीची वेगळी नळी बसवली आहे. पाणी स्वच्छ असेल तर किरण पाण्याच्या प्रत्येक थेंबापर्यंत पोहोचतात आणि जाड थराची अडचण तेथे उरत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की मातीचे कण जिवाणूंना आडोसा देतात, म्हणून त्याआधी गाळणी लागतेच. क्लोरिन जसा पाण्यात मागे उरतो तसे येथे काही उरत नाही, हा या पद्धतीचा गुण आणि दोषही आहे. एकदा पाणी पिंपात आले आणि पिंप अस्वच्छ असले तर पुढे त्याला राखणारे कोणी नसते.

काही पदार्थांवर आम्ही प्रयोग करून थांबलो. खवलेल्या ओल्या नारळाला किरण दिल्यावर खवट वास आला. स्निग्ध पदार्थ या किरणांनी ऑक्सिडाइझ होतात, हे मला त्यानंतर समजले. ट्यूबच्या अगदी जवळ ठेवलेले प्लॅस्टिकचे क्रेट सहा महिन्यांत पिवळे पडून तडकू लागले आहेत, म्हणून आत आता स्टीलचेच सामान ठेवतो.

दाराचा स्विच हा या कपाटाचा सर्वांत कच्चा भाग निघाला. चौथ्या महिन्यात तो अडकला आणि दार उघडल्यावरही ट्यूब चालूच राहिल्या. यजमान क्षणभर आत वाकून ट्रे काढत होते. त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊन ते झोपू शकले नाहीत. डॉक्टरांनी प्रकाशामुळे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला (कॉर्नियाला) झालेली इजा असे सांगितले आणि दोन दिवसांत आराम पडला. विक्रेत्याने स्विच बदलून दिला, पण तीन आठवडे आणि अनेक फोन खर्ची पडल्यावर. आम्ही भिंतीवर मुख्य बटण लावले असून दार उघडण्यापूर्वी ते बंद करण्याचा नियम केला आहे. ट्यूबचा निळसर उजेड दिसतो तो यूव्ही-सी नव्हे, त्यामुळे उजेड मंद नसतानाही किरणांचा जोर ओसरलेला असू शकतो. अशा ट्यूबचे आयुष्य साधारण आठ-नऊ हजार तास धरतात, म्हणून आम्ही वहीत तासांची नोंद ठेवतो. एक गोष्ट खरेदीपूर्वी पाहावी: बाजारात जांभळा उजेड देणारी स्वस्त एलईडी खोकी ‘यूव्ही’ म्हणून विकली जातात, पण ४०० नॅनोमीटरच्या आसपासच्या त्या प्रकाशात जिवाणू मारण्याची ताकद २५४ नॅनोमीटरच्या तुलनेत फारच कमी असते.

‘तुम्ही आमच्या मुगांवर किरणोत्सर्ग करता का?’ असे दोन-तीन ग्राहकांनी घाबरून विचारले. लासलगावच्या केंद्रात कांद्यावर, आंब्यावर होणारी गॅमा किरणांची प्रक्रिया कोबाल्टच्या किरणांनी होते आणि ती मालाच्या आतपर्यंत जाते. आमच्या ट्यूबचा प्रकाश तर सालीवरच अडतो. दोन्ही प्रकारांत पदार्थ किरणोत्सर्गी होत नाही, हे सांगितल्यावर बहुतेकांचे समाधान झाले.

मोड स्वतः निर्जंतुक करण्यासाठी हे कपाट घेऊ नये, भांडी आणि हत्यारे यांसाठी घ्यावे, असे मी नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांना सांगते. कच्च्या मुगांच्या पाकिटावर आम्ही ‘वाफवून खावेत’ अशी ओळ छापली आहे. व्यायामशाळेतील चार ग्राहक त्यावरून दुसरीकडे गेले. उरलेल्यांसाठी पाच मिनिटे वाफवलेले मूग वेगळ्या डब्यात देणे सुरू केले आहे, आणि ते डबेही भरण्यापूर्वी त्याच कपाटातून निघतात.